तेरावा रकाना

स्प्रिंगफील्डच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर खोकतो तिथे माझं टेबल.
इलिनॉयच्या एकशेदोन काउंट्यांची दुखणी
माझ्याकडे येतात आकड्यांचे कपडे घालून, भांग पाडून,
शाळेच्या फोटोला बसवल्यासारखी.

लोकसंख्येला इतकं वजन, गरिबीला इतकं,
घरभाड्याच्या निर्देशांकाला चिमूटभर,
आणि उरलेलं सगळं
गेल्या वर्षी काय दिलं होतं, त्याला.
हे शेवटचं कुणी मोठ्यानं म्हणत नाही.
पण सूत्र कुठेही चरायला सोडा,
दिवेलागणीला ते आपल्याच गोठ्यात येऊन उभं.

नोव्हेंबरात मला टॅलिव्हर काउंटीला पाठवलं.
चार तास दक्षिणेला, मक्याची कापलेली रानं,
नंतर तीही नाहीत.
क्लिनिक बुटांच्या जुन्या दुकानात;
भिंतीला अजून पावलं मोजायची पट्टी,
तिच्यावर मुलांसाठी रंगवलेला, पोपडे गेलेला जिराफ.
व्हर्ना स्टकी, तिथली संचालक, हिशेबनीस
आणि शुक्रवारची ड्रायव्हर, म्हणाली,
अर्ज तुमचा साठ पानांचा.
मी तो भरत बसले तर फोन कोण उचलेल?

शेजारच्या काउंटीनं अर्ज लिहायला माणूस ठेवलाय, पगारी.
त्यांचं दुःख सुबक परिच्छेदांत येतं, तळटिपांसकट.
त्याला आम्ही शंभरपैकी एक्याण्णव दिले होते.
'ओघवतं' हा समासातला शेरा
माझ्याच अक्षरात.

रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात.
इथे रडण्याचा नमुना ठरलेला आहे:
बारा पॉइंटचा टाइप, दुपारी पाचच्या आत.

मी विचारलं, तुमच्याकडे रुग्ण इतके कमी कसे?
सात रकान्यांत शून्य?
व्हर्ना हसली नाही.
'शेवटचा डॉक्टर गेला त्याला नऊ वर्षं झाली.
निदान करायलाच कुणी नाही,
तर रुग्ण होणार कसा?'

म्हणजे ज्या गावाला वैद्य नाही
ते आमच्या कागदावर निरोगी.
आणि निरोगी गावाला
वैद्य हवाय कशाला.

बाकावर ऑर्विल टीग, हातमोजे न काढता.
पुढची तारीख फेब्रुवारीत, पंच्याऐंशी मैलांवर.
'मला काही नाही,' ते न विचारता म्हणाले,
'नसांचंच जरा.'
बायको गेल्यापासून ते ट्रकमध्ये झोपतात,
दाराकडे तोंड करून लावलेल्या.
हे व्हर्नानं नंतर सांगितलं, पार्किंगमध्ये, हळू.

नसांचंच जरा.
आमच्या इचलकरंजीच्या घरात मैनाआत्यासाठी शब्द होता,
तिला दमणूक होते.
एकोणीस वर्षं दमली ती, मागच्या खोलीत.
शिरगणतीचा मास्तर आला तेव्हा
बाबांनी घरातली माणसं सांगितली, सहा.
मी बोटांवर मोजली होती.

परत येऊन मी तेरावा रकाना जोडला:
डॉक्टरपर्यंतचं अंतर, मैलांत.
गॅरिटीसाहेबांनी चष्मा पुसला.
'चालेल. फक्त कुणाचे कमी करू
तेही तूच लिही.'
माणूस वाईट नाही. चादर खरंच तेवढीच आहे,
आणि पाय मोजायची पट्टी माझ्या हातात.
मी त्या ओघवत्या काउंटीचं नाव लिहिलं.
तिथेही कुणीतरी ट्रकमध्ये झोपत असेल,
तळटिपेत न मावणारं.

टॅलिव्हरला वाढीव अकरा हजार चारशे डॉलर.
भागाकार केला तर अर्धी नर्सही पुरती नाही.

कळवायला फोन केला.
'मंगळवारी सकाळी कुणीतरी येईल तर,' व्हर्ना म्हणाली,
आणि आकडा पुन्हा विचारला, लिहून घेण्यासाठी.
तिच्या मागे दुसरा फोन वाजत होता.
'जरा थांब हं,' ती मला म्हणाली.

मी थांबलेय.